रंध्याने काढलेलं नाव

शांघाय

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तोही आईने लावलेली सवय म्हणून.

मी गोऱ्यांच्या छापखान्यात लागलो, तर घराण्याची वंशावळ छापायच्या कोरीव लाकडी फळीवरून तू माझं नाव रंध्याने तासून काढलंस! वर निरोप धाडलास, "बैलाने फिरवलेल्या यंत्रावर छापणारा आमचा कोण?" बैल निदान कामाच्या वेळी तोंड बंद ठेवतो.

आईचा खोकला कसा आहे? मी वेळेवर जेवतो, म्हणावं.

आता ऐक. तुझ्या फळ्यांना तडे गेले, म्हणून काका नवी वंशावळ आमच्याकडेच छापायला घेऊन आले. शिशाचे खिळे मीच जुळवले. तुझं नाव जागच्या जागी ठेवलं आणि त्याच्याखाली माझं. घरोघर प्रती पोचल्यात. रंधा घेऊन कुणाकुणाच्या दारी जाशील?

तुला नकोसा झालेला,
शौयुन