करवतीचं दुसरं टोक

पंचफुला,

"तुमी आपल्याकडे ओढता, तवा मी काय करू?" लग्नाच्या वर्षी दोनहाती करवतीचं दुसरं टोक धरून तू इचारलं होतं. आज पहाटे तुले झोपलेली पाहून तोच आवाज कानात आला, म्हणून उठवलं नाही.

पहिल्या मोटारीनं अकोल्याले जाऊन राहिलो. जठारपेठेत पट्टा-करवतीची दोन मशीनं आहेत. मोठं आपल्याले परवडत नाही. टेबलावर बसणारं लहान जमेल, पण सागाच्या तुकड्यावर पाळण्याची कमान आखून सोबत घेतली आहे, ती मशीनवर कापून पाहीन. वळणावर पातं भरकटलं, तर तसाच वापस येईन.

देवरावजी त्यांचा बसायचा पाट न्यायले आले तर उद्या या म्हण. एकटीनं फळी उचलू नको. तुझी भाकर शिंक्यात आहे, खाऊन घे.

काल तू म्हटलं, "आणा मशीन. मंग माझं काय काम या घरात?" अन् न जेवता निजली. तुझा खांदा ठणकते, ते मले दिसते. मशीन त्याच्यासाठीच आहे.

अन् त्या पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, "मी ओढतो तवा तू ओवी म्हण, म्हणजे करवतीचा ताल चुकत नाही." पंचफुला, करवतीले तुझी ओवी कधीच लागत नव्हती. मले लागत होती. मशीनचा आवाज मोठा असते म्हणतात. तवा जरा मोठ्यानं म्हणत जा.

देवमन