तिसऱ्या रांगेतले हात

१९ ऑक्टोबर
दुकानातून, दुपारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही. तू बरा असशीलच. पोस्टरवरच्या फोटोत तर फारच बरा दिसतोस. फोन केला की तुझी सहायक "सर सेशनमध्ये आहेत" म्हणते. गोड मुलगी आहे, पण तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून कागद घेतला. समोर तीन पँटी लांबी कमी करायला पडल्या आहेत. थांबतील.

तुला नगरपालिकेच्या मोफत व्याख्यानमालेचं पुन्हा बोलावणं येईल. "श्रोत्यांच्या आग्रहास्तव" असं त्यात असेल. ते वाचून तू आरशात बघशील. त्याआधी हे वाच.

ही व्याख्यानमाला काय चीज आहे ते तुला ठाऊक नाही, कारण तू मागच्या जिन्याने आलास आणि मागच्याच जिन्याने गेलास. वाचनालयाच्या वरचा तो हॉल महिन्यातून एका शनिवारी उघडतो. खुर्च्या घडीच्या, माणूस उठला की किंचाळणाऱ्या. 'वेळेचं नियोजन' शिकवायला आलेले गृहस्थ पाऊण तास उशिरा आले आणि मग आवरतं घ्यायचं नावच घेईनात. 'रागावर विजय' सांगणाऱ्या बाईंनी माईकवाल्याला सगळ्यांदेखत असं झापलं की तो बिचारा वायर तिथेच टाकून खाली निघून गेला. पुढची अर्धी सभा त्या ओरडून बोलल्या, म्हणजे विषयाला धरूनच झालं म्हणायचं. ऐकणारेही त्याच लायकीचे. फुकट आहे, पंखे आहेत, शेवटी चहा-बिस्किटं आहेत. पहिल्या रांगेत समितीची माणसं मान डोलवत झोपतात आणि मागचे लोक मान न डोलवता.

आई तिसऱ्या रांगेत बसते. जिन्यासाठी मी सोबत जाते. तिच्या एका बाजूला निवृत्त पोस्टमनकाका, दुसऱ्या बाजूला आमच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना सगळे रेडिओकाकू म्हणतात, कारण त्यांना बंद करायचं बटण नाही. पलीकडे कुलपं दुरुस्त करणारे आजोबा. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे व्याख्यान सहन करणारे ते एकटेच.

चहाच्या आधी एक प्रथा आहे. अध्यक्ष, जे एरवी दातांचे डॉक्टर आहेत, उभे राहून विचारतात, पुढे कोणाला ऐकायचं? लोक नावं सांगतात, प्रत्येक नावाला हात वर होतात आणि ज्याला जास्त हात त्याला बोलावणं जातं. डॉक्टर याला लोकशाही म्हणतात.

आता नीट वाच. दर महिन्याला तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी तुझं नाव घ्यायची. पहिल्यांदा एकच हात वर झाला, तिचा. मला शरमेने मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी विचारलं, हे काय चालवलंयस? तर म्हणाली, "तो आमंत्रणाशिवाय कुठे जात नाही ना? मग आमंत्रण पाठवू."

पुढे पोस्टमनकाकांचा हात वाढला, मग काकूंचा, काकू म्हणजे पाच बायकांचा. आजोबांना कोपर मारलं की ते कशालाही हात वर करतात. आई वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्यांना गाठायची, जिन्यात ओळखी काढायची. गुडघा दुखत असताना माझी आई दोन वर्षं तुझा प्रचार करत होती, दादा. आणि तू तुझ्या त्या मंचावरून म्हणालास, की या शहराने तुला शोधून काढलं. शहराला तू कोण ते माहीतही नव्हतं. शहर चहाची वाट बघत होतं.

तू तिचा मुलगा आहेस हे फक्त तिच्या रांगेला माहीत होतं. अध्यक्षांना सांगायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. म्हणाली, तो वर उभा राहील, मला बघेल आणि स्वतःच सांगेल. मोठ्या माणसाचा एवढा मूर्खपणा बघवत नाही, आणि मोडवतही नाही.

शेवटी तू आलास. विषय 'ऐकण्याची कला'. मी शब्दाने काही म्हणत नाही, तुझं तूच बघ. दीड तास तू सांगितलंस की माणसं ऐकतात ते उत्तर देण्यासाठी. माणसाच्या शब्दांमागचा माणूस ऐका म्हणालास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्या वाजल्या. मी आईकडे बघत होते. ती एक अक्षर ऐकत नव्हती, तुला नुसती बघत होती, जसं कोणी ताटावर बसलेल्या पोराला बघतं.

मग प्रश्न. माईक मागून पुढे येत होता. आईने हात वर केला. हात वर करायची तिला सवय झाली होती. उभी राहिली, माईक ओठांना टेकवला, आणि म्हणाली, "घरी कधी येतोस?"

तू हसलास. "आजी, प्रश्न विषयाला धरून असू द्या. पुढचा प्रश्न?"

हॉल हसला. तिसरी रांग हसली नाही. मी उठत होते, पण आईने माझा दंड असा धरला की बोटं उमटली. दिवे तुझ्या डोळ्यांवर होते, हे मी मान्य करते. अंधारात पांढरे केस सगळे सारखेच. पण तुझ्या कानांवर दिवे नव्हते, दादा.

गर्दीतून आम्ही पुढे पोचलो तोवर तुझी गाडी गेली होती. घरी टेबलावर तीन ताटं होती. मी तिसरं उचलायला गेले तर म्हणाली, राहू दे, कशाला घाई. मग जेवली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "कोट खांद्यात सैल झालाय त्याला. बारीक झालाय." तुझ्या दीड तासातून तिने घरी आणलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने काकूंना सांगितलं की तू तिला मुद्दाम आजी म्हणालास, लहानपणीही असाच चिडवायचास. काकू गप्प बसल्या. काकू गप्प बसल्या हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तुझं-माझं भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. बाबा गेल्यावर तू काही तोडलं नाहीस, फक्त कामात राहिलास, आणि कामात राहणाऱ्याला शिव्याही देता येत नाहीत. लोक म्हणतात, मुलगा किती मोठा झाला.

आता कालचं. काल पुन्हा अध्यक्ष उभे राहिले. पोस्टमनकाकांनी आपणहून तुझं नाव घेतलं. आईसाठी, दुसरं काय. अख्खी तिसरी रांग वर झाली, मागच्या दोन झाल्या, आजोबांनी तर दोन्ही हात वर केले. तू निवडून आलास. अभिनंदन.

आईचे हात मांडीवर होते, पिशवीच्या बंदाशी खेळत. काकूंनी तिला हळूच कोपर मारलं. तरी नाही. मग त्यांनी विचारलं, अहो, तुमचा हात?

"मी ऐकलंय त्याला," आई म्हणाली.

चिडून नव्हे. रडूनही नव्हे. पाहिलेल्या दुकानाबद्दल बोलावं तसं. तिने चहा घेतला आणि आम्ही घरी आलो. जिना उतरतानाही गुडघा दुखला, असं म्हणाली. पत्राच्या सुरुवातीला मी खोटं लिहिलं.

म्हणून सांगते. ते बोलावणं येईल त्यात एवढे सगळे हात असतील, फक्त तिचा नसेल. ते फाडून टाक. यायचं असेल तर तसाच ये, बोलावल्याशिवाय, घरच्या दाराने. आपल्या घराला मागचा जिना नाही. जेवायच्या वेळेला ये, आणि आलास की बोलू नकोस. ती बोलेल. नाही बोलली तर तेही ऐक. कला आहे म्हणतोस ना?

कोट घेऊन ये. खांदे आत घ्यावे लागतील, आणि बाहीही अर्धा इंच लांब आहे. एवढ्या पोस्टरांमधून ती कोणालाच दिसली नाही, याचं मला नवल वाटतं.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. माझा शिल्लक आहे की नाही, ते कोट उसवताना कळेल.

तिसऱ्या रांगेतली,
तुझी धाकटी