उलट्या नदीचा ताबा

आम्हा दोघी बहिणींना गोवर एकदमच निघाला, म्हणून आईने पडदे ओढून आम्हाला एकाच पलंगावर निजवले होते. उशाला ठकी, वय आठ. पायथ्याला मी, वय अकरा. एका दुपारी मधे बुटांच्या खोक्याचे झाकण ठेवून ठकीने त्यावर एका राज्याचा नकाशा काढला. आज माझे म्हणून जे आहे ते त्या झाकणातून आले, म्हणून सुरुवात तिथून.

मी, वय सदुसष्ट, व्यवसाय अद्भुत कादंबऱ्या लिहिणे, बुद्धी शाबूत असताना (गुडघ्यांची हमी देत नाही) कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागात लिहिले होते.

१. राहते घर ठकीच्या मुलीला. "मावशी, तुझ्या पुस्तकात राक्षस आले की मला झोप येते," असे ती तोंडावर सांगते. अशा माणसाच्या हाती घर द्यायला हरकत नाही.

२. लिहिण्याचे टेबल आणि बँकेतील शिल्लक टंकलेखिका बाईंना. माझे अक्षर शाळेतल्या सिस्टरांनी वळवले आणि वयाने मोडले. ते लावून सातही पुस्तके बाईंनीच टंकली. पहिल्यात त्यांनी नदी दोनदा दुरुस्त केली. "पाणी कधी डोंगर चढतं का हो?" "आमच्याकडे चढतं," मी म्हटले.

३. माझ्या लेखनाला पोरखेळ म्हणणाऱ्या समीक्षक महाशयांना काळी छत्री. ती त्यांचीच आहे. एका सभेतून चुकून आणली, मग मुद्दाम ठेवली.

४. नदीविषयी. ठकीच्या नकाशात वर डोंगर, खाली समुद्र, दोन्ही सारख्याच नागमोडी रेघांचे. मधे बाण काढलेली नदी. मी पलंगाच्या पायथ्याकडून पाहिले, तर तिचा समुद्र माझा डोंगर झाला आणि नदी चढू लागली. तसे मी म्हटले, तर ठकी पोट धरून हसली. "राहू दे ताई, अशीच छान आहे."

त्याच नदीने माझे नाव झाले. पहिल्या प्रकाशनाला कोणी विचारले, ही सुचली कशी? मी म्हटले, स्वप्नात दिसली. ठकी तिसऱ्या रांगेत होती. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, तुझ्या स्वप्नात मी होते का गं?"

"उगाच फाटे फोडू नकोस," मी म्हटले. तेव्हापासून सव्वीस वर्षे आम्ही फक्त रक्तदाबाविषयी बोलतो. खरे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून कायद्याच्या कागदावर सांगते: नदी ठकीची आहे.

५. आठव्या, शेवटच्या भागाचे अखेरचे प्रकरण लिहायचे राहिले आहे. ते दुसऱ्या लेखकाकडून पुरे करून घेण्याचा प्रकाशकांचा विचार आहे. तसे करू नये. हस्तलिखित आणि सर्व पुस्तकांचे हक्क ठकीला. नदी कुठे पोचते ते तिने लिहावे, किंवा न लिहावे, किंवा सगळे चुलीत घालावे. पुस्तके पुन्हा छापली तर दोघींची नावे, तिचे आधी.

६. झाकण कपाटात, साड्यांखाली आहे. भाचीने ते स्वतः ठकीच्या हाती द्यावे. देताना डोंगर तिच्या बाजूने वर येतील असे धरावे.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : १४ मार्च २०२४
लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार : (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी
(सही) घरचे डॉक्टर. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत