पाळण्याची कडी

म्हैसूर,
६ फेब्रुवारी

प्रिय देवू,

आईचं पत्र! पाकीट हातात पडल्यावर तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसतंय. सावकाश वाच. शाळा तुझी कानडी, देवनागरी तू हिंदीच्या तासाला शिकलीस, आणि पुण्याची सून होऊन चार वर्षं झाली तरी जोडाक्षरांशी तुझं अजून पटत नाही, हे मला ठाऊक आहे. अडलीस तरी वाचून घ्यायला विहीणबाईंकडे जाऊ नकोस. जावईबापूंनाही नको. आधी तू एकटीनं वाच, मग कुणाला काय सांगायचं ते तूच ठरव.

गेल्या रविवारी फोनवर मी 'बाळंतपणाला इकडे येऊ नकोस' म्हणाले आणि तू फोन ठेवून दिलास. घराला रंग चाललाय हे मी दिलेलं कारण तुला पटलं नाही, पटण्यासारखं नव्हतंच. तिकिटं काढलेली, सातवा महिना सरत आलेला, आणि पहिलटकरणीला माहेरची आईच नको म्हणते! विहीणबाई काय म्हणाल्या असतील याचा विचार करून मला दोन रात्री झोप नाही. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. रागाव, तुझा हक्क आहे. पण काय झालं ते ऐकून घे.

तुझी बातमी कळल्यापासून अप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. आपण रंगारी. कापडं रंगवण्याचा धंदा आजोबांबरोबर संपला, अप्पांनी जन्मभर वायरमनचं काम केलं, पण बाळाचं बारशाचं दुपटं आजही आपल्याच भट्टीवर, घरच्या माणसाच्या हातानं रंगतं, आणि पाळणाही मागच्या भट्टीच्या खोलीतच बांधतात. रंगाच्या वासात मूल शांत झोपतं, असं तुझी आजी म्हणायची. तू झोपायची नाहीस, ती गोष्ट वेगळी. संक्रांत झाली आणि अप्पांनी भट्टी पेटवली. हळद आणि डाळिंबाची सालं उकळून आठ दुपटी रंगवली. एक पुरे की, म्हटलं, तर म्हणाले, "बेकू गं, लागतीलच, बाळ दिवसाला एक खराब करणार." हळदीचा रंग उन्हात उडतो म्हणून आठही दुपटी त्या खोलीतच दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की छत काळं दिसतंय. तीस वर्षांची काजळी ती. टेबलावर चढून तारेच्या ब्रशनं छपराचं सिमेंटचं शीट आतून घासायला लागले. ते झालं, मग पाळण्याची जुनी कडी गंजलीय म्हणून नवी वाशाला आवळायला ड्रिल मशीननं शीटला भोकं पाडायला घेतली. मी स्वयंपाकघरातून येऊन बघते तर खोलीभर पीठ चाळल्यासारखी धूळ, अप्पांच्या भुवया पांढऱ्या, दोरीवरची दुपटी पांढरी, आणि अप्पा मात्र गाणं गुणगुणत होते. मी झाडू आणायला वळले तेवढ्यात यशस्विनी आली. धाकट्या काकांची ही मुलगी हेब्बाळच्या एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं खातं बघते, हे तुला मी सांगितलं होतंच. ती दारातूनच ओरडली, "दोड्डप्पा, मशीन बंद करा! दोड्डम्मा, झाडू ब्याडा, खाली ठेव!" इतकी शांत पोर, तिचा तो आवाज ऐकून झाडू माझ्या हातातून गळून पडला.

तिनं आम्हाला बाहेर ओट्यावर बसवून समजावलं. हे शीट नुसतं सिमेंटचं नाही, त्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. शीट धड असेल आणि कुणी हात लावला नाही तर ते बापडं मुकाट पडून असतं. पण कापलं, घासलं, भोक पाडलं, फोडलं की तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर छातीत जातात आणि तिथेच राहतात. आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात. झाडू मारला की बसलेली धूळ पुन्हा उडते. म्हणून पंखा बंद, खोलीचं दार बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं. अप्पांचे कपडे ओले करून पिशवीत बांधले आणि त्यांना डोक्यावरून आंघोळ करायला लावली. अप्पांना ते फार लागलं. नातवंडासाठी करायला गेले आणि काल जन्मलेल्या पुतणीनं अंगावरचे कपडे उतरवले, असं झालं त्यांना.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी. यशस्विनी कंपनीच्या बसनं कामाला गेली आणि तासाभरात आपला छपरं घालणारा भीमसेन हातोडा घेऊन दारात हजर! अप्पांनीच गुपचूप बोलावलेलं. त्यांचं म्हणणं, शीट वाईट ना, मग आजच फोडून टाकू, देवू यायच्या आत विषय संपेल. भीमसेन हसत म्हणाला, "अक्का, येनू आगल्ला, काही होत नाही! गावभर हीच शीटं आहेत. तासाभरात फोडून खाली घालतो." मी खुर्ची ओढली आणि भट्टीच्या खोलीच्या दारात बसले. अप्पा म्हणाले, "सरक, भानू." मी सरकले नाही. भीमसेनचं हसू गेलं. अप्पांचा आवाज चढला, शेजारच्या वनजा दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मी त्यांची वाट कधी अशी अडवली नव्हती. शेवटी भीमसेनच म्हणाला, "होगली बिडी राव, जाऊ द्या, अक्का ऐकत नाही," आणि हातोडा उचलून निघून गेला. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग कारखान्यांची अशी छपरं उतरवणारी शिकलेली माणसं यशस्विनीनं शोधून काढली. त्यांची तारीख मिळेपर्यंत बारा दिवस गेले. ते बारा दिवस मी येता-जाता दाराखालचं फडकं ओलं करत होते. आम्ही दोघं यशस्विनीकडे राहायला गेलो त्या दिवशी ते आले, अंगभर पांढरे पोशाख आणि तोंडाला मोठे मास्क लावून. साबणाचं पाणी फवारत त्यांनी नट सोडवले आणि एकेक शीट अख्खं खाली घेतलं, हातोडा कुठेच नाही. जाड प्लास्टिकच्या दोन-दोन थरांत गुंडाळून, वर धोका लिहून, अशा कचऱ्याचा परवाना असलेल्या गाडीतून नेलं. सगळी खोली ओल्या फडक्यांनी पुसली आणि ती फडकीही त्याच गाडीत गेली. दुपटीही गेली, आठही. संध्याकाळी गाडी निघताना आम्ही फाटकाशी आलो, तेव्हा ती धुऊन चालतील का, असं अप्पांनी गाडीजवळच्या माणसाला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला तिथे उभं राहवलं नाही.

आता तू म्हणशील, छप्पर गेलं, घर स्वच्छ झालं, मग मी का नको? ते सांगायला माझा हात पुढे सरकत नाही. पण लिहिते. ते छप्पर अप्पांनी घातलं तेव्हा तू पोटात होतीस, सातवाच महिना. जुनी कौलं गळायची, बाळ भिजेल म्हणून त्यांनी स्वतः शीटं आणली, अंगणात करवतीनं कापली, आणि दुसरं टोक धरून मी उभी होते. उरलेले तुकडे फेकवेनात. रंगाचे तांब्याचे हंडे आपण विटेच्या पुडीनं घासायचो ना? मी एकदा त्या शीटचा तुकडा खलात कुटून बघितला. हंडा आरशासारखा निघाला! मग काय, पुढे किती तरी वर्षं दर दसऱ्याआधी कढीलिंबाखाली बसून मी पूड कुटायची आणि सासूबाई चारचौघींत माझं कौतुक करायच्या. मी मिरजेची पोर, रंगाऱ्यांच्या घरात येऊन काही तरी नवं शोधलं याचा मला केवढा अभिमान होता, देवू! ती पूड आठवली म्हणूनच मी त्या दिवशी दार अडवलं. आदल्या दिवशी ओट्यावर यशस्विनी बोलत होती आणि मला खलाचा आवाज ऐकू येत होता. ही गोष्ट मी तिलाच तेवढी सांगितली. त्या कढीलिंबाखालची माती अजून तशीच आहे. ती माणसं मार्चअखेर परत येऊन वरचा थर काढतील आणि त्यावर काँक्रीट घालतील. तोवर त्या अंगणात तुझं पाऊल मला नको, बाळाचं तर नकोच.

यशस्विनीबरोबर मी गुपचूप छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे दिसले. घाबरू नकोस, त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा कॅन्सर नाही, धूळ छातीत गेल्याची ही खूण आहे. औषध नाही, वर्षातून एकदा तपासायचं. अप्पांची तपासणी यशस्विनीनं कारखान्यातल्या शिबिराच्या नावाखाली करून घेतली, त्यांची छाती आज तरी साफ आहे. माझं मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही. तू भिजू नयेस म्हणून घातलेलं छप्पर ते, कसं सांगू? बारसं झालं की सांगेन, तोवर तूही बोलू नकोस. आपल्या फोनच्या वेळी स्पीकर लावून ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून रंगाचं खोटं कारण (छपराचं ऐकून देवू घाबरेल, असं त्यांना म्हटलं) आणि म्हणून हे पत्र.

आणि हे पत्र एवढ्यासाठीच नाही. तू तीन-चार वर्षांची होतीस. मी पूड कुटताना माझ्या मांडीशी बसायचीस आणि त्या पांढऱ्या पुडीची रांगोळी काढायचीस. फुंकर मारून पुसायचीस, पुन्हा काढायचीस. मी कौतुकानं बघत बसायचे. हे लिहिण्यासाठी मी चार दिवस कागद घेऊन बसते आहे. तुझ्या डॉक्टरांना हे सगळं सांग. आता काही तपासण्या नकोत, बाळंतपण होऊ दे, मग ते म्हणतील तसं कर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांना काही होत नाही, पण माहीत असलेलं बरं. मला माफ कर म्हणण्याचं तोंड नाही, तरी म्हणते. विसाव्या तारखेच्या गाडीनं आम्ही दोघं पुण्याला येतो. रिवाज मोडला म्हणून विहीणबाई काय बोलायचं ते बोलोत, मी ऐकून घेईन. एकच काम कर. तुमच्या घराला स्लॅब आहे, पण पाळण्याची कडी कुणाकडून बसवून घेऊ नकोस. ते ड्रिल मशीन बंद केलं त्या दिवसापासून अप्पांनी एकाही हत्याराला हात लावलेला नाही. कडी त्यांना बसवू दे. ते भोक पाडतील तेव्हा तू दुसऱ्या खोलीत बस, खालचं टेबल मी धरीन.

रागावलीस तरी तुझीच,
आई