माझा वाचला

२७ नोव्हेंबर, बुधवार

युद्धबंदी! माझा लेक नदीम घरी आला. धडधाकट! हाताला तीन टाके, बस्स.

गालेब आला नाही. शेजारच्या नुहादचा एकुलता एक. दोघं एकाच रुग्णवाहिकेवर कामाला — गालेब पुढं बसला होता, माझा मागं. काल दुपारी बॉम्ब पडला. लढाई थांबायला जेमतेम पंधरा तास उरले होते.

नुहादचा आक्रोश ऐकू येत होता आणि माझ्या मनात एकच — माझा वाचला, माझा वाचला. लाज वाटते. पण खरं तेच आहे.

२८ नोव्हेंबर

नदीमचे शर्ट बाल्कनीत वाळत घातले नि लगेच काढले. नुहादच्या खिडकीसमोरच येतात! न्हाणीघरात टांगलेत. टांगताना मी चक्क गुणगुणत होते.

३० नोव्हेंबर

आज माती खाल्ली.

नुहादकडे सांत्वनाचा शेवटचा दिवस. बिनसाखरेची कॉफी फिरली. एरवी कप परत देताना आपण म्हणतो, ‘सदा असंच घडो.’ दुखवट्याच्या घरी मात्र चुकूनही म्हणायचं नाही. तिथं मेलेल्यासाठी दुआ मागायची.

माझ्या तोंडून निघालं — ‘सदा असंच घडो, नुहाद!’ तेही मोठ्यानं!

तिची आत्या म्हणाली, ‘ही काय लग्नाला आलीय? पोरगा परत आलाय ना, जीभ सैल सुटणारच.’

नुहादनं रुमालात तोंड खुपसलं. खांदे गदगदत होते. मी पळून आले. तीस वर्षांपासूनची मैत्रीण गमावली.

१ डिसेंबर

तिचं दार वाजवायचा धीर होत नाही.

४ डिसेंबर

नुहाद स्वतःच आली! मी रडत माफी मागायला लागले.

‘गप गं, रुवैदा. मी हसत होते त्या दिवशी! आत्याचं तोंड पाहिलंस? रुमाल नसता तर माझी धडगत नव्हती.’

मग दोघी हसलो. हसता हसता ती ओट्याला धरून खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. मीही रडले. मधेच पुन्हा आत्या आठवली नि फिस्सकन हसू आलं! काय चाललंय, दोघींनाही कळेना.

किती हलकं वाटतंय! टीव्हीवर दक्षिणेकडची सपाट झालेली गावं दाखवतायत, बघवत नाही. आणि मला सपाटून भूक लागलीय.

६ डिसेंबर, शुक्रवार

नुहादनं मुलूखियाची पालेभाजी केली. ‘नदीमला जेवायला पाठव. मला थोडकं रांधता येत नाही.’ पाठवलं. मागून लिंबं द्यायला गेले तर दारातच ऐकलं —

‘भात घे अजून, गालेब.’

नदीमनं ताट पुढं केलं. म्हणाला, ‘वाढ ना, आई.’