आपोआप भरणारा वर्ग

५ जानेवारी, सकाळ
यंदाचा संकल्प: हसऱ्यावर जळायचं नाही. जळण्यासारखं आहे काय त्याच्यात? गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आला आणि तेव्हापासून दात दाखवत फिरतोय, म्हणून मी ठेवलेलं हे नाव. मी याच विभागात केस पांढरे केले. शेवटच्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स शिकवावं तर मीच.

त्याच दिवशी, दुपार
प्राचार्यांनी बोलावलं. थर्मोडायनॅमिक्स हसऱ्याने शिकवावं, अशी पोरांची विनंती आहे म्हणे. सह्या कुणाच्या, विचारलं. म्हणाले, सगळ्यांच्या. सगळ्यांत माझी लेकही आली, ती त्याच वर्गात आहे. तिची सही बळजबरीने घेतली असणार.

६ जानेवारी
लेकीला विचारलं. म्हणाली, सह्यांसाठी फिरवलेलं पेन तिचंच होतं.
बायको म्हणाली, तो मुलगा साधा आहे हो. ही त्याला आयुष्यात एकदा भेटली आहे, तेही जिन्यात. मी साधा आहे असं तिने लग्न झाल्यापासून एकदाही म्हटलेलं नाही. मला वाईट वाटलं नाही. फक्त जेवण गेलं नाही.

८ जानेवारी
प्राचार्यांचा तोडगा: पुढच्या सोमवारी मी ज्येष्ठ म्हणून सगळ्यांसमोर विषयाची सुरुवात करायची. मंगळवारपासून आठवडाभर आम्ही दोघांनी एकाच वेळी समोरासमोरच्या खोल्यांत शिकवायचं. पोरांनी वाटेल तिथे बसावं. ज्याचा वर्ग भरेल, विषय त्याचा. कुणी कुणाला ओढायचं नाही.
मी लगेच म्हटलं, सर, ही तर स्पॉन्टेनियस प्रक्रियेची व्याख्याच झाली. बाहेरून ढकलावं लागत नाही, फ्री एनर्जी उतरत जाते, गोष्ट आपोआप घडते. ते म्हणाले, चहा घ्या.
निर्धास्त आहे. हा विषय गेला तर माझ्याकडे पहिल्या वर्षाचं टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजत बसणं, तेवढं उरेल. पण जाणार नाही.

९ जानेवारी
हसरा एन्ट्रॉपी, म्हणजे आपोआप वाढणारा पसारा, समजावताना स्वतःची बॅग टेबलावर उपडी करतो म्हणे. लेक सांगताना हसत होती. यात शास्त्र कुठे आहे? मी वर्षानुवर्षं फळ्यावर काचेचे दोन फुगे आणि त्यांना जोडणारी मधली तोटी काढतो. एका फुग्यातला वायू दोन्हींत पसरतो. त्यावर आजवर कुणीही हसलेलं नाही. याला म्हणतात शिकवणं.

१० जानेवारी
हुकमाचा पत्ता माझ्या हातात आहे. बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि नवसागर बीकरमध्ये ढवळायचे. बीकर ओल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा. मिश्रण आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, खालचं पाणी गोठतं, आणि बीकर उचलला की ठोकळाही चिकटून वर येतो. उष्णता बाहेर पडत नाही, तरी क्रिया आपोआप होते, कारण एन्ट्रॉपी भरपूर वाढते. पोरांचे डोळे पांढरे होतात.
बेरियमची एकुलती एक बाटली माझ्या कपाटात, कुलपात आहे. हसरा आला त्याच आठवड्यात हलवली. त्याने दोनदा मागितली, मी दोनदा शोधतो म्हटलं. झाकण मुद्दाम अर्धवटच फिरवून त्यावर खूण केली आहे, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. अधूनमधून उघडून पातळी बघतो. वर्षभरात कणभर कमी झालेली नाही. सावधपणा म्हणतात तो हा.

१२ जानेवारी
लेक म्हणाली, बाबा, एकदा करून तरी बघा. नको म्हटलं. माल उगाच कशाला खर्च करायचा? तालीम हसऱ्यासारख्यांना लागते.

१५ जानेवारी, सोमवार, दुपार
वर्ग खचाखच. प्राचार्य पुढे, हसरा शेवटच्या बाकावर. मी फ्री एनर्जीचं समीकरण लिहिलं, मिश्रण ढवळलं, आता बघा म्हटलं आणि बीकर उचलला. बीकर आला. ठोकळा टेबलावरच राहिला.
पुन्हा ढवळलं. बीकर माझ्या हाताइतकाच कोमट. क्रिया झाली की सुटतो तो अमोनियाचा वाससुद्धा नाही. मागून कुणीतरी खुसखुसलं. मी म्हटलं, आज खोलीचं तापमान अनुकूल नाही.
मग हसऱ्याने अदबीने विचारलं, सर, बाटली बघू का? चिमूटभर पूड काढून तिच्यावर ॲसिडचे थेंब सोडले. फसफसून बुडबुडे आले. पोरांना म्हणाला, झाकण सैल राहिल्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत राहिला आणि बेरियमचं कार्बोनेट झालं. हळूहळू, कुणी न ढकलता. म्हणजे सरांनी आपल्याला एक वेगळीच स्पॉन्टेनियस क्रिया दाखवली.
टाळ्या पडल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या. बाटली माझी, कार्बोनेट माझं, तेव्हा टाळ्याही माझ्याच. पण मेल्याने मला वाचवायला नको होतं. त्याने हसं केलं असतं तर मला त्याचा मनापासून राग तरी करता आला असता.

१६ जानेवारी, मंगळवार, दुपार
तास सुरू झाला. माझी खोली रिकामी. समोरच्या खोलीत जास्तीचे बाक ओढल्याचा आवाज. आधी वाटलं, पोरांना खोली सापडली नसेल. म्हणून दार उघडं ठेवलं.
मग लेक आली. एकटी. पहिल्या बाकावर बसली, वही उघडली. मला गहिवरून आलं. सांगतो काय, फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. मग पूर्ण तास घेतला, दोन फुग्यांसकट. तिने सगळं उतरवून घेतलं. एक रेणू का होईना, आपल्या मनाने इकडे आला. रक्ताचं ते रक्ताचं. हसऱ्याला असं कुणी आहे का?

त्याच दिवशी, संध्याकाळ
पाणी प्यायला गेलो, तर स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या. लेक म्हणाली, पूर्ण तास बसले, एकदाही उठले नाही, आता मैत्रिणींबरोबर सहलीला जाऊ ना? बायको म्हणाली, जा. कबूल केलंय ना मी.
पाणी न पिताच परत आलो.
सहल एकच आहे. आठवड्याचे तास अजून बरेच आहेत.