गंगव्वाचा प्रोड्यूसर

१ एप्रिल १९९७, मंगळवार
आजपासून मी फ्रीलान्स प्रोड्यूसर. कारखान्यात तेवीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, काल स्वेच्छेने निवृत्त झालो. बायकोने, नीलिमाने विचारलं, प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय करायचं? म्हटलं, जो गात नाही, नाचत नाही, वाजवत नाही, पण ज्याच्याशिवाय पडदा वर जात नाही, तो. ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं, आणि शाळेत शिकवायला निघून गेली. शिक्षकांना कलेतलं समजायला वेळ लागतो.

१९ एप्रिल
बळ्ळारीजवळच्या एका खेड्यात आलोय. कलाकार सापडला! गंगव्वा. वय पासष्ट. चामड्याच्या रंगीत बाहुल्या, मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, सगळी युद्धं ही बाई एकटी लढते. घरात बोलतात ती मराठीच, पण आपल्या खापरपणजोबांच्या वेळची असावी. बेंगळूरात हे बघणार कोण, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ते डिपार्टमेंट माझं.
त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. मुलगा परसू ढोलकी वाजवतो, पण पोटासाठी सिमेंटच्या गोदामात हमाली. बाहुल्यांना हात लावत नाही. म्हणतो, आई थांबली की बाहुल्यांची पेटी विकून टाकू. गंगव्वा म्हणाल्या, एकदा मोठ्या गावात खेळ लाव अण्णा. लोक बगत्यात हे त्याला दिसू दे.
रडू आलं. प्रोड्यूसरने रडायचं नसतं, म्हणून अंगणात गेलो.

२ मे
योजना तयार. आधी बेंगळूर, मग म्हैसूर, मग पॅरिस. दिल्लीच्या एका सांस्कृतिक संस्थेला पत्राचा मसुदा केला. लेटरहेड छापून आलं की पाठवणार. साध्या कागदावर वजन पडत नाही.

३० मे
चार हॉल पालथे घातले. सगळे विचारतात, आधी काय केलंय? या प्रश्नाने देशातल्या कलेचं वाटोळं केलंय. शेवटी बनशंकरीतलं एक कल्याण मंटप मिळालं. आषाढात लग्नं नसतात म्हणून रिकामं. २० जुलै, संध्याकाळी सहा ते आठ. मालकाची मुलगी नीलिमाच्या वर्गात आहे, हा योगायोग.

१८ जून
दिल्लीचं उत्तर!! संस्थेच्या संचालिका श्रीमती राजलक्ष्मी स्वतः येणार. २० जुलैला, दुपारी तीनच्या गाडीने, यशवंतपूरला. पत्र गेलं कधी ते मात्र आठवेना. नीलिमा म्हणाली, मसुदा टेबलावर महिनाभर पडला होता, खेळाची तारीख घालून शाळेच्या कागदावर फेअर केला आणि टाकला पोस्टात. असो. मसुदा माझाच.

११ जुलै
चिकपेटच्या कापडबाजारात. पडद्यासाठी उत्तम कापड घेतलं. दुकानदाराने विचारलं, कशाला हवं? म्हटलं, सावल्यांसाठी. त्याने शेजारच्या दुकानदारालाही ऐकायला बोलावलं. कलेबद्दल कुतूहल आहे लोकांत.

१७ जुलै
गंगव्वा आणि परसू आमच्याकडे उतरलेत. गंगव्वांनी माझं कापड उजेडात धरलं. पलीकडचं काही दिसेना. विचारलं, अण्णा, पडदा का रजई? त्यांनी पडद्याचं आपलं जुनं धोतर आणलंय.
शिवाय मंटपाला अकरा खिडक्या. जुलैत सहा वाजता लख्ख उजेड! सावल्यांना अंधार लागतो हे मला कोणी सांगायला नको? नीलिमाने शाळेतून काळे पडदे आणि पोरींच्या आयांकडून घोंगड्या मिळवल्या. परसू शिडीवर. मी खालून सूचना देत होतो. गंगव्वा म्हणाल्या, अण्णा, तुमी स्वल्प बाजूला बसा. माझ्या कंबरेची काळजी. मोठी माणसं.

२० जुलै, रविवार, सकाळी
नीलिमाला निक्षून सांगितलंय, प्रमुख पाहुण्यांशिवाय खेळ सुरू करायचा नाही. मीच त्यांना घेऊन येतो.

दुपारी ३.१०, यशवंतपूर
गाडी लेट. हातात हार, नावाची पाटी.

४.४५
गाडी लेट. हार मान टाकतोय.

६.२०
गाडी आली. सगळे उतरले. राजलक्ष्मी सोडून. डबे आतून पाहिले. झोपलेल्या एका बाईंना उठवलं. त्या नव्हेत.

६.५०
बूथवरून मंटपात फोन केला. कोणीतरी उचलला. मागे ढोलकी आणि पोरांचं हसणं. म्हटलं, मी प्रोड्यूसर बोलतोय. पलीकडून उत्तर आलं, खेळ चालू आहे, नंतर करा. ठेवलाच.

२१ जुलै
राजलक्ष्मीबाई आदल्या दिवशीच येऊन बहिणीकडे उतरल्या होत्या. तसं पत्रही आलं होतं म्हणे. आलं होतं. फाइलमध्ये आहे. फोडायचं राहिलं.
बाई साडेपाचला रिक्षाने हजर. नीलिमा माझ्यासाठी सव्वासहापर्यंत थांबली, मग सुरू केलं. अर्ध्यावर दिव्याच्या झोताने गंगव्वांना दिसेनासं झालं. हात थांबला. बाहुली पडद्यावर तशीच लटकलेली, समोर तीनशे माणसं. परसूने ढोलकी बाजूला ठेवली, आईच्या हातातून काठी घेतली, आणि उरलेलं युद्ध त्याने लढलं. ती नुसती गात राहिली. शेवटी सगळे उभे राहिले.
हे मला नीलिमाने सांगितलं, मंटपाच्या मालकाने सांगितलं, दूधवाल्यानेही सांगितलं. तोही गेला होता. मी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते, वॉचमन झाडत होता. माझ्या हातातला हार बघून म्हणाला, लग्नाचं बुकिंग आषाढ संपल्यावर.
निघताना परसू माझ्या पाया पडला. बाहुल्यांची पेटी त्याच्याच डोक्यावर होती.

९ ऑगस्ट
दिल्लीचं पत्र. फेब्रुवारीतल्या महोत्सवाला गंगव्वा आणि परसूला आमंत्रण. खाली लिहिलंय, संयोजन: श्रीमती नीलिमा. चूक दाखवून देणारं पत्र लिहिलं. लेटरहेडवर. नीलिमाने विचारलं, टाकू पोस्टात? म्हटलं, राहू दे.

२३ ऑगस्ट
म्हैसूरहून फोन. नीलिमा मॅडम आहेत का? म्हटलं, शाळेत गेल्यात, निरोप सांगा. त्यांना दसऱ्यात खेळ हवाय. तारीख लिहून घेतली. हॉलच्या खिडक्या किती ते विचारलं, तेही लिहून घेतलं. पलीकडचा गृहस्थ खूश झाला. अदबीने म्हणाला, नीवु यारु, सर? आपण कोण?
म्हटलं, मी घरीच असतो.